सरांच्या गाडीचं रिपासिंग

सर,

तुमची गाडी माझ्या शेडमध्ये उभी आहे. धुऊन, पुसून, पॉलिश मारून. तुम्ही गेलात त्याला आता अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण मेलेल्या माणसाला पत्रं लिहिणारी बाई म्हणजे डोक्याचा एखादा नट ढिला, असं माझं सरळ मत होतं. अजूनही तेच मत आहे. पण आज रविवार आहे, दुपार आहे, जिंतूर रोडला चिटपाखरू नाही आणि शेडमध्ये सोबत म्हणाल तर एक कॉम्प्रेसर, तोही बंद. म्हणून जॉब कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायलेय. अक्षर तुम्ही म्हणायचात तसंच आहे, कोंबडीचे पाय.

रिटायर झाल्यावर तुम्ही हौसेनं ही पांढरी टर्बो डिझेल घेतलीत आणि जेमतेम चार वर्षं चालवलीत. तुमच्यामागे ती काकूंच्या नावावर झाली. पुण्याहून तुमचा मुलगा म्हणाला, विकून टाक आई, दारात उभी राहून सडेल नुसती. काकू म्हणाल्या, असू दे. त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, तरी असू दे. मग बॅटरी उतरू नये म्हणून मी दर रविवारी यायला लागले. सुरुवातीला नुसती चालू करून पंधरा मिनिटं उभी ठेवायची आणि निघायचे. महिनाभर काकूंनी ओट्यावरून बघितलं आणि एक दिवस पायात चपला घालूनच बाहेर आल्या. "नुसतं गुरगुर काय करायलीस तिला, जरा फिरवून आण की. मी पण येते." तेव्हापासून, लग्नकार्य आणि आजारपण सोडलं तर, एक रविवार चुकला नाही. कधी जिंतूरच्या अंगाला चहापुरतं जायचं, कधी पूर्णेला. पूर्णा त्यांचं माहेर, वडील रेल्वेत गार्ड होते. तिथं स्टेशनच्या पुलावर उभ्या राहून त्या अर्धा तास इंजिनं बघायच्या आणि मी त्यांच्याकडे बघायचे. चालत्या गाडीत त्या एक शब्द बोलत नसत. गाडी उभी राहिली की सुरू व्हायच्या.

माझं म्हणाल तर घर म्हणजे शेडच्या मागची खोली. लग्नाचं तुम्हाला ठाऊकच आहे, एक वर्ष टिकलं; नखांतलं काळं निघेना म्हणून सासूनं मलाच काढलं. भाऊ पालमकडे गावाला असतो. दिवाळीला फोन करतो, "बरं हाय का" विचारतो आणि मी "बरं हाय" म्हणायच्या आत ठेवून देतो. दिवसभर शेडमध्ये माणसं असतात, नाही असं नाही, पण त्यांना गाडीचं दुखणं सांगायचं असतं. जेवलीस का, असं विचारणारं माणूस आठवड्यात एक, आणि तेही रविवारी. कुणी विचारलंच तर मी सांगायचे, सरांच्या मागं काकू एकट्या असतात, त्यांना सोबत म्हणून जाते. त्यातलं अर्धंच खरं होतं.

आयटीआयच्या प्रवेशाच्या खिडकीतला क्लार्क आठवतो का तुम्हाला? मी फॉर्म पुढे केला, डिझेल मेकॅनिक, आणि तो वर न बघता म्हणाला, "शिवणकाम पलीकडच्या खिडकीत." मी तिथंच उभी. मागं रांग वाढायली, पोरं हसायलेत, आणि कुठूनतरी तुम्ही आलात, हातात चहाचा ग्लास. तुम्ही त्याला म्हणालात, "फॉर्मवर डिझेल लिवलंय ना? मग तुमाला काय वाचता येत न्हाई का?" आणि निघूनही गेलात. चाळीस पोरं आणि मी एकटी. गावाहून पहिल्या एसटीनं निघायचे, तेव्हा भाकरी झालेली नसायची, म्हणून डबा नसायचा. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला बसले की मी वर्कशॉपमध्ये नळाचं पाणी पिऊन पाने मोजत बसायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही दारात येऊन म्हणालात, "पाने पळून जायले का? चल घरी, तुझ्या काकूनं बोलावलंय." काकूंना तेव्हा माझं नावही माहीत नव्हतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

त्या स्वयंपाकघरात मी टर्बो शिकले, सर. वर्गात नाही. मागच्या पडवीत काकूंची चूल होती, गॅस असूनही भाकरीला त्यांना चूलच लागायची. तुम्ही फुंकणी हातात घेऊन उकिडवे बसलात, धोतर नव्हे, चांगली इस्त्रीची पँट घालून, आणि म्हणालात, टर्बो म्हणजे ही फुंकणी. इंजिनाच्या स्वतःच्या उच्छ्वासावर फिरतो आणि त्यालाच जास्तीची हवा फुंकतो. मग तुम्ही चुलीत लाकडं कोंबलीत. धूर. लाकडं ओढून फुंकर मारलीत, जाळ. "हवा किती आन् डिझेल किती, एवढं ज्याला जमलं त्यानं इंजिन जिंकलं. बाकी सगळी लोहारकी." काकू डोळे पुसत म्हणाल्या, "तुमचं शिकवणं होईस्तोवर माझी भाकर करपायली, त्याचं काय?" ती करपलेली भाकर तुम्ही घेतलीत आणि चांगली मला वाढलीत. मला आजही कुठल्या गाडीतून काळा धूर दिसला की आधी भूक लागते. हसू नका.

आणि ते प्रॅक्टिकल. इंजिन काळं ओकायलेलं, परीक्षक दुसऱ्या दिवशी यायचे. गावातले पंप दुरुस्त करणारे सगळे पंपवाले करतात तेच मी केलं, इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचा स्क्रू दोन आटे मागं घेतला. डिझेल कमी, धूर कमी. आरटीओच्या पासिंगच्या आधी मागं, पासिंग झाली की पुन्हा पुढं, अख्खा जिल्हा असाच चालतो. तुम्ही आलात, इंजिन चालू केलंत, सायलेन्सरकडे बघितलंत आणि विचारलंत, "धूर कुठं गेला?" मी म्हटलं, कमी झाला सर. "कमी झाला न्हाई. लपवलास." सगळ्या पोरांसमोर. मग माझ्याकडून ते इंजिन उघडून घेतलंत आणि टर्बोपासून येणारा रबरी पाइप खालून चिरलेला निघाला. हवाच पोचत नव्हती. तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. घरी जेवायला मात्र रोज नेत होतात, आणि काकू आपल्या दोघांच्या मध्ये बसून दोघांचं बोलणं एकट्याच करत होत्या.

आता मुद्द्याचं. आषाढातल्या एका रविवारी गाडीचा सायलेन्सर खडखडायला लागला. पकड तुटली होती. काकूंना एका साखरपुड्याला जायचं होतं, घाई होती. दोन टाके मारायला किती वेळ लागतो, म्हणून मी वेल्डिंगचा होल्डर उचलला आणि बॅटरीचं टर्मिनल काढलं नाही. हो सर. मी. वर्गात तुम्ही नुसतं "वेल्डिंगच्या आधी?" म्हटलं की आम्ही सगळे एका सुरात "टर्मिनल" म्हणायचो, झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं. एवढ्या वर्षांत त्या एका चुकीपायी मी किती जणांना शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही. टाके मारून झाले, किल्ली फिरवली आणि गाडी मुकी. ईसीएम जळाला होता. कुठल्या क्षणाला किती डिझेल सोडायचं, टर्बोला किती फुंकू द्यायचं, हे ठरवणारी ती चपटी पेटी. तुमच्या काळात हे काम पंप आणि माणसाचे कान करायचे. आता पेटी करते, आणि मी ती भाजून ठेवली होती. काकूंना तिथंच सांगितलं. उंदरांवर ढकलता आलं असतं, पावसाळ्यात निम्म्या गाड्यांच्या वायरी उंदीरच खातात, पण नाही ढकललं. काकूंनी माझे हात उलटेपालटे करून बघितले. "तुझं काही भाजलं न्हाई ना? मग झालं. यंत्र जळायचंच कधीतरी. चल, रिक्षानं जाऊ."

पण ते एवढ्यावर भागण्यासारखं नव्हतं, कारण गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती. दिवाळीच्या आत आरटीओत नेऊन, धुराची तपासणी करून, नव्यानं नोंदणी करून घ्यायची. पास झाली तर पुढची पाच वर्षं, नाही तर भंगार. त्याच आठवड्यात तुमच्या मुलाचा फोन आला. काकू फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, म्हणून मी ऐकलं. तो काही वाईट बोलला नाही, सर. त्याला खरंच काळजी आहे. म्हणाला, "आई, तू एकटी आहेस. रात्री-अपरात्री काही झालं तर दारात गाडी असायची, ताई धावून यायच्या. आता गाडीच नसेल तर मी तुला तिथं कशाच्या भरवशावर ठेवू?" ताई म्हणजे मी. काकू म्हणाल्या, "गाडी पास झाली तर मी इथंच राहते. नाही झाली तर येते तुझ्याकडं. मग मी काही म्हणणार न्हाई." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तुझ्या हातात हाय बघ."

रस्ते तीन होते. पहिला पंपवाल्या मामांचा. तुमचे दोस्त, अजून आहेत, कानानं कमी ऐकतात म्हणून आणखी मोठ्यानं बोलतात. "ते डबडं काढून फेकून दे. जुना मेकॅनिकल पंप बसवू. धूर यायलाय तर येऊ दे, पासिंगच्या दिवशी दोन आटे माघं." दुसरा रस्ता पुण्याचा. तिथला एक जण शर्यतीच्या गाड्यांना प्रोग्रॅम करता येणारा ईसीएम बसवून देतो. फोनवर तोंडात साखर. "मॅडम, दोन मॅप, म्हणजे दोन सेटिंग देतो. एक टेस्टसाठी एकदम क्लीन, एक रस्त्यासाठी. डॅशबोर्डखाली छोटंसं बटण." म्हणजे मामांचेच दोन आटे, फक्त बटणावर. काकूंनी विचारलं, काय म्हणायलाय तो? मी म्हटलं, म्हणायलाय, परीक्षेपुरतं शहाणं व्हायचं आणि घरी आलं की पुन्हा धूर काढायचा. "अगं बाई, तुझ्या सरांचा धाकटा भाऊ तसाच होता," काकू म्हणाल्या. तिसरा रस्ता म्हणजे त्याच नंबरचा, त्याच कंपनीचा जुना ईसीएम हैदराबादच्या भंगार बाजारातून मागवायचा. माझ्या जळालेल्या पेटीतली किल्लीची ओळख ठेवणारी चिप शाबूत होती. ती उचलून दुसरीत बसवली की झालं. टर्बोच्या कुठल्या दाबाला किती डिझेल, ह्याचे आकडे कंपनीनं चाचण्या करकरून त्या पेटीत भरलेले असतात. धुरात पास व्हायचं असेल तर ते आकडे सोडून दुसरीकडे जाऊ नये. चौथा रस्ताही होता म्हणा. नंबर प्लेटचा फोटो पाठवा, गाडी आणू नका, पीयूसीचा कागद घरपोच. तो मी ऐकून घेतला आणि फोन ठेवला.

आता काकूंचं ऐका. गाडी शेडमध्ये आल्याच्या दुसऱ्या दिवशी, साडेबाराच्या सुमाराला, दारात रिक्षा थांबली आणि काकू उतरल्या, हातात डबा. "म्हटलं बघावं काय करायलीस." धपाटे आणि दही. तिसऱ्या दिवशी मुरमुऱ्यांचा सुशीला, वरून शेंगदाणे. चौथ्या दिवशी मी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची धुऊन ठेवली. मग रोजच. कॉम्प्रेसरच्या बाजूला सावलीत बसायच्या, मेथी निवडायच्या, आल्या-गेल्याला पाणी विचारायच्या. नवी गिऱ्हाइकं त्यांनाच मालकीण समजायची. एकाला तर त्यांनी ऑइल बदलायची तारीख उलटून गेली म्हणून झापलं, तो गुपचूप ऐकून गेला. ईसीएमच्या बाबतीत त्यांचं स्वतःचं मत तयार व्हायला लागलं होतं. पुण्याचा नको, पुण्याचे लय बोलतात. पंपवाला माणूस चांगला पण त्याच्या बोलण्यावर जाऊ नको, त्यानं यांना उधारीवर स्कूटर घ्यायला लावली होती. मग हैदराबादचा? "हैदराबादचा बरा वाटतो, पण जुनाच की गं तो. नीट बघून घे. घाई नको." आणि मी म्हणायचे, हो काकू, बघायलेय, अजून ठरायचंय. जेवण झाल्यावर त्या खुर्चीतच डोळे मिटून पडायच्या. मी हातोडा हळू मारायचे.

खरं सांगते, सर. ठरायचं काही नव्हतं. पेटी जळाली त्याच संध्याकाळी मला माहीत होतं की हैदराबादचाच घ्यायचा. तुमच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही कळलं असतं. नवव्या दिवशी तो ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं आलासुद्धा. चिप बसवायला मला एक सकाळ पुरली. काकू यायच्या आधी जोडून किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला ओ दिल्यासारखी चालू झाली. एक मिनिट ऐकली. टर्बोची ती बारीक शिट्टी, ओळखीची. मग माझ्या मनात आलं की आता आरटीओ, मग कागद, मग गाडी काकूंच्या दारात, आणि मग पुन्हा आठवड्यातून एकदा. मी किल्ली बंद केली. पेटी काढली, फडक्यात गुंडाळली आणि ऑइल फिल्टरच्या खोक्यांमागं ठेवून दिली. साडेबाराला काकू आल्या, डब्यात येसरची आमटी होती. "काय ठरलं का?" मी म्हटलं, पुण्यावाल्याकडून माहिती मागवलीय. दोन महिने, सर. दोन महिने मी त्या बाईला रोज खोटं सांगितलं आणि रोज तिच्या हातचं जेवले. मुदत दिवाळीपर्यंत आहे, मग कशाला घाई, असं मनाला समजवायचे. हावरटपणा होता तो. दुसरा शब्द नाही.

दसरा झाल्यावर काकू कमी बोलायला लागल्या. माझ्याकडे बघत बसायच्या. मला वाटलं थकल्यात, रोजची रिक्षा, ऊन. मग एका मंगळवारी आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, पाय दुखायलाय, आज न्हाई येत. एवढंच. त्या दिवशी मी डबा नसल्यानं नाही, पण जेवलेच नाही. खुर्ची रिकामी, आणि माझी अशी काही घाबरगुंडी उडाली की मी हातातलं काम टाकून फडक्यातली पेटी काढली, बसवली, इंजेक्टर तपासले, हवेचे सगळे पाइप हातानं चाचपले, चिरलेला एकही नव्हता, आणि बुधवारी सकाळी आरटीओच्या मैदानात गाडी नेऊन उभी केली. अर्जावर काकूंची सही आधीच घेतलेली होती, मोबाइल नंबर माझा दिलेला, ओटीपीचं त्यांना झेपत नाही म्हणून. सायलेन्सरमध्ये नळी घातली, चार-पाच वेळा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. धूर मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली. साहेबांनी सायलेन्सरवरून बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, "कुणाकडं असते ही गाडी?" मी म्हटलं, आमच्या सरांची आहे. आहे म्हटलं, होती नाही म्हटलं. कागद पर्समध्ये ठेवला आणि तशीच काकूंकडे निघाले. येताना पेढे घेतले.

हॉलमध्ये खोकी बांधलेली होती. तुमचा मुलगा सोमवारीच आला होता, मला कुणी सांगितलं नव्हतं. काकूंनी खिडकीतून गाडी बघितली होती. मी दारात पोचले, तोंड उघडणार, तर त्यांनी हात वर केला. "थांब. तू काही बोलू नको. आधी माझं ऐक. दोन महिने बघायलेय मी तुझं तोंड. तुला ते जमत नव्हतं आन् मला सांगवतही नव्हतं. रोज विचारलं की खाली बघायचीस. माझ्यापायी, तुझ्या सरांच्या गाडीपायी तुझं सगळं काम माघं पडायलं. किती ओढशील गं? मीच काल ह्याला हो म्हणून टाकलं. ओळखीतच घर भाड्यानं दिलं, परवा माणसं राहायला यायलेत. आता तू मोकळी झालीस बघ." आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तुमचा मुलगा म्हणाला, "ताई, तुम्ही आईसाठी खूप केलंत." मी पेढ्यांची पिशवी पाठीमागं धरून उभी होते. काकूंनीच विचारलं, हे काय? मी म्हटलं, प्रवासाला. तुमी निघाल्यात ना.

"काल" म्हणाल्या, सर. त्यांनी मंगळवारी हो म्हटलं होतं.

मग काकू म्हणाल्या, पासिंगचं राहू दे, चालायली तर हाय ना ती, एकदा बसते. आम्ही जिंतूर रोडनं निघालो. कापसाचे ट्रॅक्टर लागले होते, हळूहळू जावं लागलं. नेहमीप्रमाणे त्या बोलल्या नाहीत. माझ्या पर्समध्ये कागद होता आणि पर्स त्यांच्याच मांडीवर होती, मी गाडी चालवताना ती नेहमी त्याच धरायच्या. परत येताना मी दोनदा तोंड उघडलं. सांगितलं असतं तर विचारणार होत्या, अगं मग आधीच का नाही केलंस? त्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आवाज काढून बोलायचं कसं, ते मला कळेना. आणि रागही आला होता, खरं सांगते, त्यांचाही. एकदा तरी त्यांनी मला दरडावून विचारायचं होतं की, काय चाललंय तुझं, म्हणून. तुम्ही विचारलं असतं. दारात उतरताना म्हणाल्या, "हिला भंगारात देऊन टाक. माझ्या डोळ्यांसमोर नको, मी गेल्यावर." मी म्हटलं, बरं.

परवा फोन आला होता. "दिली का गं?" म्हटलं, अजून नाही, ठरायचंय. "तू ठरवायला लय वेळ लावतीस," असं म्हणून हसल्या. तिथं आठव्या मजल्यावर राहतात, लिफ्टला घाबरतात, सून चांगली आहे, भाकरी तिला येत नाही म्हणून ह्याच करतात. बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "रविवारी करमत न्हाई बघ." मी म्हटलं, मला पण. तेवढंच म्हटलं. पाच वर्षांचा पासिंगचा कागद माझ्यासमोर टेबलावर फडफडत पडला होता, वरून पाना ठेवला होता उडू नये म्हणून.

हे तुम्हाला सांगून काही होणार नाही, एवढी अक्कल मला आहे. जिला सांगायला पाहिजे ती फोनवर माझ्याशी बोलते, जेवलीस का विचारते, आणि मी हो म्हणते, मग जेवलेली असो की नसो. जाताना काकूंनी पुण्याचा पत्ता स्वतःच्या हातानं लिहून दिलाय, बिल्डिंगच्या नावासकट, पिनकोडसकट, वर "पत्र टाक" असंही लिहिलंय. म्हणून तर हे तुम्हाला लिहिलं, सर. तुमचा पत्ता नाही.